एकच प्रत

मुबश्शीर पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा माहेनूर कॉम्प्युटरला बोल लावत होती. मनातल्या मनातच, पण ओठ हलत होते, आणि त्यानं नेमकं तेवढंच पाहिलं.

"मी जरा येळानं येऊ का?" तो दारातूनच म्हणाला. "तुमचं भांडण चालू हाय वाटतं."

ती दचकली. तिच्यासमोरच्या पडद्यावर ठिपक्यांचं कडं गरगर फिरत होतं आणि त्याखाली लिहून आलं होतं— अपडेट चालू आहे, अठ्ठावीस टक्के, कॉम्प्युटर बंद करू नका. पाच मिनिटांपूर्वी तिथं एक अख्खी लग्नपत्रिका होती, मामा-मावश्यांच्या नावांसकट. आता त्यातलं कुणीच उरलं नव्हतं.

"भांडायला समोरच्यानं ऐकून घ्यावं लागतं," ती म्हणाली. "हे कुठं ऐकून घेतंय? बसा तुमी."

तो बसला.

औंढ्यात, बसस्टँडवरून नागनाथाच्या देवळाकडं जाताना, प्रसादाच्या दोन दुकानांच्या मधे विश्वंभरचं हे दुकान आहे. माहेनूर त्याच्याकडं टायपिंगला बसायची. लग्नपत्रिका, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि बायोडाटा. एका बाजूनं पेढ्यांचा वास येतो, दुसऱ्या बाजूनं बेलाचा. प्रेमाच्या गोष्टीत पाऊस असावा लागतो म्हणतात. या गोष्टीत तो नाही. एप्रिलचा महिना होता, ऊन रस्त्यावर नुसतं उभं राहिलं होतं, आणि टेबलफॅन इकडून तिकडं मान हलवत गरम वाराच वाटत होता. तो वारा एकदा तिच्या ओढणीवर यायचा, एकदा त्याच्या कपाळावरच्या केसांवर.

काय काम आहे ते तिनं विचारलं. बायोडाटा करायचाय, तो म्हणाला, आणि खिशातून घडी केलेला कागद काढून तिच्यापुढं ठेवला. तेव्हा तिचं लक्ष त्याच्या बोटांकडं गेलं. नखांच्या कडेनं, पेरांच्या रेघांतून, पार मनगटापर्यंत पिवळं मुरलेलं होतं.

"हळद तर लागलेली दिसतीय," माहेनूर म्हणाली. "मग बायोडाटा काहून करता?"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, जरा जास्तच झालं. पण तो स्वतःच्या बोटांकडं बघत हसला. कुरुंद्याच्या वजनकाट्यावर तो काम करतो, सध्या हळदीचा हंगाम आहे, दिवसभर गाड्या चढतात-उतरतात आणि त्यांची धूळ उडते, असं त्यानं सांगितलं. राहायला शिरड शहापूरला. मंगळवारी काटा बंद असतो, म्हणून अम्मीनं आज पिटाळलं.

"धुतली तरी निघत न्हाई," तो म्हणाला. "अम्मी म्हनती, नवरदेव तयार हाय, नवरीच तेवढी पाहायची राहिली."

माहेनूरनं मान खाली घातली आणि कीबोर्ड पुसायला लागली. तो आधीच स्वच्छ होता.

इथं एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. बायोडाटा कधी कोऱ्या पानावर टाइप होत नसतो. आधीच्या कुणाचा तरी उघडायचा, त्याच्या नावावर याचं नाव घालायचं, त्याच्या उंचीवर याची उंची, आणि खालपर्यंत उतरत जायचं. वेळ वाचतो, फक्त एखादी ओळ चुकून तशीच राहू द्यायची नाही. मागच्या वर्षी उकंडरावांच्या थोरल्या मुलाच्या बायोडाट्यात आधीच्या मुलीची उंची राहून गेली. पाहुणे घरी आले, तर पाच फूट एक इंचाचा म्हणून सांगितलेला मुलगा चौकटीखालून वाकून बाहेर आला. लग्न जमलं म्हणून विश्वंभर वाचला.

अशा जुन्यावर नवं टाइप करण्यात माहेनूरचा हात धरणारं औंढ्यात कुणी नव्हतं. रास, नाडी, देवक, कुलदैवत तिला तोंडपाठ होतं. कुणाची नाडी कुणाशी जुळत नाही हे ती न विचारता सांगायची आणि बायका थक्क होऊन म्हणायच्या, पोरगी मुसलमानाची आणि पंचांग हिच्या पोटात. पण नाडी-देवक नसलेला, वालिद, वालिदा, नानिहाल म्हणजे वडील, आई, आजोळ असे रकाने असलेला बायोडाटा त्या कॉम्प्युटरमध्ये एकच होता. तो तिचा स्वतःचा.

तिचे अब्बा खाजा मिया गाद्या भरायचे. नांदेडहून तिला स्थळ आलं होतं. मुलाचं नाव मुजाहिद, चांगला शिकलेला, घरचं सोफ्यांचं दुकान. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती, आणि हीच तर अडचण होती. मुलाची फुफी, म्हणजे आत्या, बघायला येऊन गेली तेव्हा तिनं माहेनूरला विचारलं होतं, बेटी, तुला काय आवडतं? माहेनूरनं तोंड उघडलं, आणि उत्तर दिलं तिच्या अम्मीनं— शिवणकाम. गाद्या शिवणाऱ्याची लेक. फुफीलाही ते पटलं. पण माहेनूरला सुईचा कंटाळा होता. तिला आवडायचं ते इथं बसणं. सकाळी शटर वर गेलं की यंत्रांचा तापत जाणारा वास, बोटांखालून सरळ रेषेत येणारी अक्षरं, लग्नं ठरवायला निघालेली माणसं. लग्नानंतर दुकानात बसणं नको, असं फुफीनं जाताजाता सांगून टाकलं होतं. त्यावरही अम्मीनंच होकाराची मान हलवली.

आता त्यांना रीतीप्रमाणे बायोडाटा हवा होता. तिनं तो केलाही. शेवटची ओळ तेवढी अडली— अपेक्षा.

त्या ओळीपुढं तिनं एकदा खरं ते लिहिलं. 'लग्नानंतर मी काम सोडणार नाही. आणि मी बोलत असताना माझं बोलणं पुरं होऊ द्यावं.' सेव्ह करायला बोट उचललं आणि कॉम्प्युटर स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू झाला. सगळं गेलं. चार दिवसांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तिनं नुसतं 'काही नाही' असं लिहिलं आणि सेव्ह केलं. ते मात्र टिकलं. माणूस मनानं थकला की असल्या गोष्टींतही त्याला वरचा हुकूम दिसतो. तिलाही दिसला.

कॉम्प्युटरच्या या खोडीवर विश्वंभरनं उपाय करून पाहिले होते. सीपीयूच्या डब्याला लिंबू-मिरची बांधली होती. लोड येतो त्याच्यावर, असं तो म्हणायचा. मशीन सांगून-सवरून बंद पडलं असतं तर कामं सेव्ह करता आली असती. पण हे आपलं गपकन जायचं, ध्यानीमनी नसताना.

तर पडदा उजळला आणि माहेनूरनं तिची फाइल उघडून तिच्यावर मुबश्शीरला उतरवायला घेतलं. नाव, तालीम म्हणजे शिक्षण, उंची, नानिहाल. ती शेवटच्या ओळीवर आली.

"अपेक्षा?"

"ती अम्मीनं सांगितली हाय. कागदावर हाय बगा. गोरी, घरकामात हुशार, कमी बोलणारी."

"आणि तुमची?"

पंखा एकदा जाऊन परत आला.

"माझी..." तो म्हणाला. "मला कुनी इचारली न्हाई. तुमीच पयल्या."

ती काही बोलणार, तेवढ्यात पडदा पुन्हा काळा झाला आणि ठिपके फिरायला लागले. बाहेर वसमतच्या गाडीचा हॉर्न वाजला. मुबश्शीर उठला. पुढल्या मंगळवारी येतो, म्हणाला. आणि जाताना कॉम्प्युटरकडं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून असा काही हसला की जणू त्या दोघांचं काही आतलं ठरलेलं आहे. घड्याळात पावणेसहा झाले होते.

पुढच्या मंगळवारची आपण वाट बघतोय, हे माहेनूरनं स्वतःशी कबूल केलं नाही. ती फक्त वसमतकडून येणाऱ्या गाड्या मोजत होती.

दोनच्या गाडीतून तो उतरला. तिनं लांबून पाहिलं, पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. पण तो दुकानाकडं आलाच नाही. समोरच्या रसवंतीत बसला. मग उठून देवळाच्या बाजूला गेला. मग परत रसवंतीत. या माणसाचं औंढ्यात दुसरंच काही काम असणार, तिनं ठरवलं, आणि उगाचच तिला राग आला. त्या रागात तिनं स्वतःचा बायोडाटा उघडला, 'काही नाही' खोडलं आणि ती दोन वाक्यं पुन्हा लिहिली. का, ते तिला विचारू नका. सेव्ह काही केलं नाही. तेवढं धैर्य नव्हतं. खिडकी खाली करून ठेवली आणि दुसऱ्या कामाला लागली.

पाचला दहा कमी असताना तो दारात उभा.

तिनं त्याचा बायोडाटा नव्यानं घेतला, या वेळी भराभर, कोपरखळ्या न मारता. अम्मीची अपेक्षासुद्धा टाइप झाली. आणि पाच वाजून सहा मिनिटांनी पडदा काळा.

"आता वीस मिनटं," मुबश्शीर म्हणाला आणि खुर्चीत असा ऐसपैस बसला की जणू त्याला हीच वीस मिनिटं हवी होती.

त्या वीस मिनिटांत त्यानं तिला काटा सांगितला. गाडी आधी भरलेली चढते, तिचं वजन घ्यायचं. मग माल उतरवून ती रिकामी परत येते, तेव्हा पुन्हा घ्यायचं. दोन्ही मिळून एक माप होतं. गाडी अर्धवट चढलेली असली तर आकडा दिसतो, पण तो खोटा असतो. चारी चाकं वर आल्याबिगर बटन दाबायचं नाही. ड्रायव्हर घाई करतात, मागून हॉर्न मारतात, पण तो थांबतो. "मला थांबायला येतं," तो म्हणाला. "दुसरं फारसं काई येत न्हाई."

त्याची सांगण्याची रीत सावकाश होती, आणि ऐकण्याची त्याहून सावकाश. ती बोलायला लागली की तो हातातला मोबाइल उलटा ठेवायचा. ती मधेच अडखळली तरी शब्द पुरवायचा नाही. नुसता बघत राहायचा, ती पोचेपर्यंत. माहेनूरला हे इतकं नवं होतं की तिची दोन-तीन वाक्यं आनंदानंच लांबली. आणि त्या भरात तिनं सांगून टाकलं.

"येत्या रविवारी नांदेडचे पाहुणे यायलेत. ते... ठरवूनच जातील म्हणतात."

त्यानं उलटा ठेवलेला मोबाइल उचलून खिशात घातला. "बरं," तो म्हणाला. त्यानंतर कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत दोघंही ठिपक्यांकडं बघत राहिले.

पडदा उजळला तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं जमली होती आणि बाहेर गाडी लागली होती. मशीननं स्वतःहून वाचवलेल्या फाइलींच्या यादीतून तिनं आपली फाइल उघडली, तिच्यावर त्याचं नाव घातलं, जन्मतारीख, उंची, शिक्षण, फोटो, फोन. अपेक्षा टाइप केल्याचं तिला पक्कं आठवत होतं. केलीच होती, फक्त ती मशीन बंद पडायच्या आधी. पंधरा प्रती छापून तिनं लिफाफ्यात घातल्या. त्यानं लिफाफा घेतला, काहीतरी बोलायचं म्हणून थांबला, हॉर्न वाजला आणि तो गेला. माउसवर त्याच्या अंगठ्याचा पिवळा ठसा राहिला होता. कधी हात लावला होता कुणास ठाऊक. तिनं तो पुसला नाही.

गुरुवारी, काटा भर जोरात चालू असायच्या दिवशी, सकाळी अकराला मुबश्शीर दुकानात आला. विश्वंभर चहाला गेला होता. त्यानं लिफाफ्यातला एक कागद काढला आणि तिच्यासमोर सरळ केला.

"चुकलंय," तो म्हणाला.

माहेनूरनं वरून खाली वाचलं. नाव बरोबर. उंची बरोबर. आणि शेवटी, त्याच्या हसऱ्या फोटोखाली, ती दोन वाक्यं.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. गेलं गेलं म्हणून जे तिनं सोडून दिलं होतं, ते मशीननं जपून ठेवलं होतं आणि नेमकं याच्या नावावर परत दिलं होतं. पंधरा वेळा, चांगल्या जाड कागदावर.

"अम्मीनं चार घरी वाटले बी," तो सांगत होता. "काल त्यातल्या एका घरची खाला आली, म्हनली, तुमच्या पोराला काम सोड म्हनून कोन सांगून राहिलं? अम्मी मला इचारती, बेटा, काट्यावर काई तकलीफ हाय का? आन् आपल्या घरात तुझं बोलनं कोन तोडतंय? काल तर मी जेवायला काय हाय म्हनून इचारलं, तवा अब्बांसकट घरात सगळे गप्प बसून ऐकून राहिले."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी कसं आलं ते तिला कळलं नाही. ती म्हणाली की चूक तिची आहे, आत्ता दुरुस्त करून देते. त्यानं नकारार्थी मान हलवली.

"हे तुमी लिवलंय ना?"

"हं."

"तुमच्यासाठी."

"हं. पण घरी द्यायच्या कागदावर 'काही नाही' लिहिलंय."

"काहून?"

तिनं उत्तर शोधलं. तो थांबला. रस्त्यावरून एक टमटम गेली, पेढेवाल्यानं कढई खरवडली, आणि तो थांबूनच होता.

"हे कॉम्प्युटर दोनदा बंद पडलं," ती शेवटी म्हणाली. "मला वाटलं... लिहायचंच नसेल ते."

"सरका जरा," मुबश्शीर म्हणाला.

तो तिच्या बाजूला खुर्ची ओढून बसला, मधे हातभर अंतर ठेवून, आणि माउस धरला. काट्यावरच्या मशीनला हाच आजार होता, एकदा गाडी वर उभी असताना गेलं होतं, तेव्हा शिकलो, म्हणाला. सेटिंग उघडून तिला दाखवलं. कामाचे तास सकाळी आठ ते संध्याकाळी पाच असे धरलेले होते. पाचनंतर इथं कुणी काम करत नाही अशी त्या बिचाऱ्याची समजूत. मग ते राहिलेलं अपडेट करायला घ्यायचं आणि स्वतःला बंद करायचं. अपडेट काही पुरं होत नव्हतं, म्हणून पुन्हा पुन्हा तेच, रोज. त्यानं सकाळी नऊ ते रात्री दहा असे तास भरले. मग खालचं एक बटण दाखवलं, बंद असलेलं.

"बंद पडायच्या आदी ते सांगतं," तो म्हणाला. "कोपऱ्यात निरोप येतो. तो निरोप कुनीतरी बंद करून ठेवलाय."

माहेनूरला आठवलं. विश्वंभरनंच. सारखं कोपऱ्यात काहीतरी टपकतं, कामात मधे येतं, म्हणून त्यानं सगळे निरोप एका दिवशी बंद करून टाकले होते आणि वर फुशारकीही मारली होती.

"म्हणजे ते सांगत होतं."

"सांगून राहिलं व्हतं. तुमीच त्याचं तोंड बंद केलं." त्यानं बटण चालू केलं. "हुकूम-बिकूम काई न्हाई त्याच्यात."

ती कितीतरी वेळ त्या छोट्या निळ्या बटणाकडं बघत राहिली. मग एकदम तिच्या डोक्यात काहीतरी जुळलं.

"तुम्हाला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"व्हय."

"पाचनंतर बंद पडतं हे माहीत होतं. आणि मंगळवारी दोनला उतरून पाचपर्यंत उन्हात बसलात."

तो कानामागं खाजवायला लागला. कानालाही हळद लागली.

"दोनला आलो असतो तर... काम झालं असतं," तो म्हणाला. "मग पुन्ना यायला काय कारण व्हतं?"

आता पंख्याचा वारा दोघांवरून एकदमच जात होता. माहेनूरनं घाईनं कीबोर्ड पुढं ओढला आणि त्याचा बायोडाटा उघडला. कामाचं बोलावं म्हणून विचारलं, अपेक्षेत काय लिहू.

"हाय तेच राहू द्या. एक अक्षर बदलू नका. मी चाळीस येळा वाचलंय ते, मला बी तेच पायजे."

"बरं. पंधरा काढते."

"पंधरा न्हाई. एकच प्रत काढा."

"एक कुणाला पुरणार?"

मुबश्शीरनं उत्तर द्यायला वेळ घेतला. त्याच्या चारी चाकांचं वजन त्या एका वाक्यावर यायचं होतं.

"तुमच्या अब्बांला," तो म्हणाला. "तुमी देनार असाल तर. नसाल तर फाडून टाका, मी इचारनार न्हाई. पन रविवारच्या आदी तुमचा सोताचा कागद खरा करा. त्या नांदेडच्या मानसाला बी खरं कळू द्या. ह्ये माझ्यासाठी सांगत न्हाई मी."

प्रिंटर घरघरला आणि एकच कागद बाहेर आला, गरम.

त्या संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर खाजा मिया अंगणात एका रजईला टाके घालत बसले होते. तिची अम्मी, खतीजाबी, ताट लावत होत्या. या घरात दखनी बोलतात. पण गोष्ट मराठीत चालली आहे तेव्हा त्यांचं बोलणंही मराठीतच ऐकू या. माहेनूरनं दोन कागद अब्बांपुढं ठेवले. त्यांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. वाच, ते म्हणाले.

तिनं आधी स्वतःचा वाचला. नाव, तालीम, उंची. आवाज सुरळीत होता. शेवटच्या ओळीवर तो सुरळीत राहिला नाही.

"अपेक्षा. लग्नानंतर मी काम सोडणार नाही. आणि—"

"असं कुठं लिहितात का," खतीजाबी ताट ठेवून म्हणाल्या. "ते लोक काय म्हणतील, मुलीच्या कागदावर असं..."

खाजा मियांनी सुई धरलेला हात वर केला.

"थांब. ती 'आणि' म्हणाली. आणि काय, बेटी?"

माहेनूरनं कागद डोळ्यांजवळ धरला. "आणि मी बोलत असताना," तिनं वाचलं, "माझं बोलणं पुरं होऊ द्यावं."

खतीजाबी बायकोच्या नात्यानं नवऱ्याकडं आणि आईच्या नात्यानं लेकीकडं बघत राहिल्या, आणि मग हळूच खाली बसल्या. तुला शिवणकाम आवडत नाही का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही अम्मी, माहेनूर म्हणाली. कधी बोलली नाहीस, त्या म्हणाल्या. आणि बोलताच त्यांना त्याचं उत्तर मिळालं असावं, कारण पुढं वाच, अशी त्यांनी हातानंच खूण केली.

दुसरा कागद कुणाचा, खाजा मियांनी विचारलं. तिनं तोही वाचला. शेवटची ओळ आली तेव्हा त्यांनी सुई रजईत टोचून ठेवली. दोन्हीकडं एकच कसं? मग तिनं सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. लिंबू-मिरचीचं, रसवंतीचं, एका प्रतीचं. कुणी मधे बोललं नाही.

"म्हणजे हा चूक दुरुस्त करून घ्यायला आला," खाजा मिया म्हणाले, "आणि चूकच छापायला सांगून गेला."

त्यांनी होकार दिला नाही. उद्या शिरडला जाऊन माणसं बघून येतो, म्हणाले. नांदेडला मात्र त्याच वेळी फोन लावला. आमच्या मुलीची एक अट आहे, ती आम्हालाच आज कळली, असं सांगून त्यांनी ती सांगितली. तिकडून उत्तर आलं की आमच्याकडं तशी पद्धत नाही. आवाजात राग नव्हता. खाजा मियांनी त्यांना दुआ दिली आणि फोन ठेवला. रविवारी कुणी आलं नाही.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, मुबश्शीर दुकानात आला. मोठ्यांची बोलणी झाली होती, शिरडची अम्मी औंढ्याला येऊन माहेनूरच्या हातात साखर ठेवून गेली होती, तारखा निघत होत्या. तरी तो दारात पहिल्या दिवसासारखाच उभा राहिला. पाच वाजत आले होते. शालूबाई नावाच्या एक बाई सात-बाऱ्याची झेरॉक्स काढायला थांबल्या होत्या.

"मोठ्यांनी मोठ्यांला इचारलं," तो म्हणाला. "तुमाला इचारलं का कुनी?"

"अब्बांनी विचारलं. अम्मीनंपण."

"मी न्हाई इचारलं. म्हनून आलो."

माहेनूर कीबोर्डवरून हात काढून त्याच्याकडं वळली. तिनं श्वास घेतला.

"मला तुमी—"

"पोरी, माझी तेवढी झेरॉक्स दे की," शालूबाई म्हणाल्या.

"मावशी, जरा दम धरा," मुबश्शीर हळू आवाजात म्हणाला. "त्या बोलून राहिल्यात."

शालूबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि कागद मांडीवर घेऊन स्टुलावर टेकल्या. आता ऐकल्याशिवाय त्या जाणार नव्हत्या.

"मला तुमी आवडता," माहेनूर म्हणाली. ती थांबली नाही. "तुमी कमी बोलता म्हणून न्हाई. मी बोलते तवा तुमी असता, म्हणून. आणि..." ती अडखळली. तो वाट बघत राहिला, शालूबाईसुद्धा. "आणि झालं. एवढंच सांगायचं होतं."

पिवळा अंगठा तो शर्टाला पुसत राहिला.

शालूबाईंची झेरॉक्स निघाली आणि त्या रस्त्याला लागल्या, दोनदा मागं वळून बघत. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा निरोप वर आला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा लागेल. आता करायचा, की नंतर?

माहेनूरनं निरोप वाचला. घड्याळाकडं पाहिलं. विश्वंभर चहाला गेलेला होता आणि वसमतच्या गाडीला अजून अवकाश होता. तिनं आधी सगळं काम सेव्ह केलं आणि मग 'आता'वर बोट दाबलं. ठिपक्यांचं कडं फिरायला लागलं. वीस मिनिटं तरी लागणार होती.

मुबश्शीरनं खुर्ची पुढं ओढली.